वाट बुडण्याआधी

(कृष्णाकाठच्या एका गावी, प्रौढ साक्षरता वर्गाच्या मंडळींपुढे दिलेले व्याख्यान)



आज आपण पुराविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, पूर आम्हाला काय सांगता? आम्ही कृष्णाकाठचीच माणसं. पूर बघतच लहानाचे मोठे झालो." खरे आहे. पुराचे पाणी कसे दिसते, त्याचा आवाज कसा येतो, घरात गाळ किती साचतो, हे तुम्हाला सांगायला नको. ते तुम्हीच आम्हाला सांगाल.

पण पूर पाहणे वेगळे आणि पुराचा हिशेब ठेवणे वेगळे. आता तुम्हाला अक्षरे ओळखता येतात. आकडे लिहिता येतात, वाचता येतात. मग या विद्येचा उपयोग कशाला करायचा? सही करण्यापुरता? एस.टी.ची पाटी वाचण्यापुरता? आम्ही म्हणतो, पुराचे माप वाचायला करा, आणि ते लिहून ठेवायला करा. ज्या गावाला आपल्या पुराचे माप ठाऊक आहे, ते गाव वेळेवर हलते. ज्याला ठाऊक नाही, ते पाण्यात अडकते.

पाऊस तिकडे, पूर इकडे

पहिली गोष्ट. पूर येतो कुठून?

कृष्णामाई महाबळेश्वरी उगम पावते. कराडला तिला कोयना मिळते. सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळते. नरसोबाच्या वाडीला पंचगंगा येऊन मिळते. या साऱ्या नद्या सह्याद्रीच्या डोंगरातून येतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. सांगलीला पडतो पाचशे-सहाशे मिलिमीटर. म्हणजे तिकडे पडतो त्याच्या दहाव्या वाट्याच्या आसपास.

म्हणून असे होते की, आपल्या अंगणात ऊन पडलेले असते, बायका वाळवण घालतात, आणि तिकडे नदी चढत असते. आपल्या डोक्यावरचे आभाळ बघून आपला पूर कळत नाही. तो कळायला डोंगरातला पाऊस कळावा लागतो.

दुसरी गोष्ट धरणांची. कोयनेच्या धरणात १०५ टी.एम.सी. पाणी मावते. बातम्यांत हा शब्द रोज येतो. एक टी.एम.सी. म्हणजे शंभर कोटी घनफूट. धरण रिकामे असेल तर ते पुराचे पाणी पोटात घेते. आपल्याला त्याचा आधारच होतो. पण श्रावणात धरण बरेच भरलेले असते. तेव्हा वरून आलेले पाणी पुढे सोडावेच लागते. मग बातमी येते, "धरणातून इतके हजार क्युसेक विसर्ग सुरू."

क्युसेक म्हणजे काय? एका सेकंदाला एक घनफूट पाणी. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. साधारण दोन मोठ्या घागरी समजा. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदाला दोन घागरी. मग एक लाख क्युसेक म्हणजे? "एक" म्हणेपर्यंत दोन लाख घागरी! आता हा आकडा बातमीत ऐकला की डोळ्यांपुढे घागरी आणा. म्हणजे त्याचे वजन कळेल.

पण सगळेच पाणी धरणातून येत नाही. धरणाच्या खालच्या बाजूलाही डोंगर आहेत, ओढे आहेत. तिथला पाऊस कुणाच्या दारांनी अडत नाही. तो थेट नदीत येतो. म्हणून "धरणाची दारे बंद आहेत, आता भीती नाही," असे कुणी म्हटले तर त्यावर विसंबू नका.

तिसरी गोष्ट फुगवट्याची. कृष्णा दुथडी भरून चालली असेल तर पंचगंगेचे पाणी तिच्यात लवकर शिरत नाही. ते मागे तुंबते. शिरोळ तालुक्यातल्या गावांना याचा अनुभव आहे. नदीचे पाणी ओढ्यानाल्यांतूनही असेच उलटे मागे चढते. गाव नदीकडे तोंड करून पाण्याची वाट बघत बसते, आणि पाणी ओढ्यातून मागल्या दाराने येते. हे ध्यानात ठेवा. पुढे याचे काम पडणार आहे.

कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचे पाणी इथवर तुंबते, असेही लोक म्हणतात. त्यावर मोठा वाद आहे. २०१९ च्या पुरानंतर महाराष्ट्र शासनाने वडनेरे समिती नेमली होती. त्या समितीने अलमट्टीला या पुराचे कारण धरले नाही. अतिवृष्टी आणि नदीच्या पात्रातली अतिक्रमणे यांच्याकडे तिने बोट दाखवले. ते सर्वांना पटलेले नाही. जाणकारांनी तो वाद जरूर सोडवावा. पण वाद सुटेपर्यंत पाणी वेशीबाहेर थांबणार नाही. आपल्या हातात जे आहे ते आपण करू.

पुलावरचे आकडे

सांगलीला कृष्णेवर आयर्विन पूल आहे. तो १९२९ साली झाला. या पुलापाशी पाण्याची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी. ४५ फूट ही धोका पातळी. कोल्हापूरला पंचगंगेवर राजाराम बंधारा आहे. तिथे ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका. पावसाळ्यात हे आकडे रोज जाहीर होतात. पूर चढू लागला की दर काही तासांनी जाहीर होतात. वर्तमानपत्रात येतात, मोबाईलवर येतात.

आता इथे एक घोटाळा होतो. पुलावर ४५ फूट म्हणजे आपल्या अंगणात ४५ फूट नव्हे. तो आकडा त्या पुलाचा आहे. कुणाच्या गावात ४२ फुटांनाच पाणी शिरते. कुणाच्या गावात ५० फूट झाले तरी वेस कोरडी राहते. मग "धोका पातळी ४५" या शब्दांनी एका गावाला उशीर होतो आणि दुसरे गाव उगाच घाबरते.

म्हणून पुलाचा आकडा आपल्या गावाच्या भाषेत आणला पाहिजे. तो आणायचा कसा, ते आम्ही पुढे सांगतो. त्याआधी एका समजुतीबद्दल बोलले पाहिजे. ती समजूत फार महागात पडली आहे.

मागची खूण ही पुढची हद्द नव्हे

२००५ साली मोठा पूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी ५३ फुटांच्या वर गेले. जुनी माणसे म्हणाली, "एवढं पाणी आजवर बघितलं नव्हतं." घरोघरी भिंतींवर त्या पाण्याची रेघ राहिली. लोकांनी ती मनात धरली. "२००५ ला आपल्या उंबऱ्याला पाणी लागलं नाही. म्हणजे आपलं घर सुरक्षित," असे म्हणू लागले. कुणी त्या रेघेच्या वर एक हात जोते बांधले आणि निश्चिंत झाले.

पुढे २०१९ चा ऑगस्ट आला. पाणी चढू लागले. लोकांनी २००५ ची रेघ आठवली. "तेव्हा इथं आलं नव्हतं, आताही येणार नाही," म्हणत किती तरी माणसे घरातच थांबली. कुणी सामान माळ्यावर टाकले आणि आपण खालीच बसले. पाणी २००५ च्या रेघेपाशी आले. थांबले का? नाही. ते वर चढले. आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेले. २००५ पेक्षा तीन फुटांहून जास्त! तीन फूट म्हणजे उभ्या माणसाच्या कमरेएवढे. जिथे पाणी येणारच नव्हते, तिथे कमरेएवढे आले. तिकडे कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेले.

मग लोक म्हणाले, "असा पूर शंभर वर्षांत एकदाच. आता आपल्या हयातीत नाही." आणि दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पुन्हा महापूर आला. सांगलीला पाणी ५४ फुटांच्या वर गेले. म्हणजे तो २०१९ एवढा नव्हता, पण २००५ च्या वरच होता.

यातून काय शिकायचे? मागच्या पुराची खूण ही पुराची साक्ष आहे. तिची हद्द नाही. नदीने आपल्याला कागद लिहून दिलेला नाही की, "या रेघेच्या वर मी येणार नाही."

चिंचोक्यांचा हिशेब

सरकारी कागदात दोन पूररेषा असतात. एक निळी, एक लाल. २५ वर्षांत एकदा येईल एवढा पूर जिथवर पोचतो, तिथे निळी रेषा. शंभर वर्षांत एकदा येईल एवढा पूर जिथवर पोचतो, तिथे लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये घर बांधायला मनाई आहे. निळी आणि लाल यांच्यामध्ये बंधने पाळून बांधायचे.

पण "२५ वर्षांत एकदा" हे शब्द फसवे आहेत. माणसाला वाटते, एकदा पूर येऊन गेला, आता २५ वर्षे सुट्टी. तसे नसते. कसे नसते, ते चिंचोक्यांनी बघू.

एका गाडग्यात २५ चिंचोके घाला. त्यांतल्या एकाला चुना लावून पांढरा करा. दर वर्षी मृगाला डोळे मिटून एक चिंचोका काढायचा. पांढरा निघाला तर त्या वर्षी मोठा पूर. तपकिरी निघाला तर पूर नाही. बघून झाले की चिंचोका परत गाडग्यात टाकायचा. टाकला? आता पुढच्या वर्षी पुन्हा काढा. गाडग्यात पांढरा चिंचोका आहेच की! गेल्या वर्षी तो निघाला होता हे गाडग्याला थोडेच आठवते? तो सलग दोन वर्षेही निघू शकतो. तीस वर्षे निघणारही नाही.

"२५ वर्षांत एकदा" म्हणजे दर वर्षी २५ पैकी एक चिंचोका पांढरा. "शंभर वर्षांत एकदा" म्हणजे दर वर्षी शंभरापैकी एक पांढरा. एका वर्षी तो निघण्याचा संभव थोडा. पण घर काही एका वर्षासाठी बांधत नाहीत. तीस वर्षे एका घरात राहायचे तर तीस वेळा गाडग्यात हात घालायचा. शंभर चिंचोक्यांचे गाडगे असले, तरी तीस वेळांत पांढरा चिंचोका एकदा तरी निघण्याचा संभव चारांत एक एवढा होतो. मुलाच्या नावाने घर बांधणाऱ्याने हा हिशेब करावा की नाही?

म्हणून घर बांधायला काढण्याआधी, प्लॉट घेण्याआधी, ग्रामपंचायतीत जा. "पूररेषेचा नकाशा दाखवा," म्हणून मागा. तिथे नसेल तर पाटबंधारे खात्याकडे, म्हणजे आजच्या जलसंपदा विभागाकडे चौकशी करा. विकणारा म्हणेल, "काही होत नाही." त्याचे काही होत नाही हे खरेच. तो पैसे घेऊन जातो. पाणी आपल्या घरी येते.

घराआधी वाट बुडते

आता या व्याख्यानातली मुख्य गोष्ट. बाकी सारे विसरलात तरी चालेल. एवढी विसरू नका.

आपण सारे घराकडे बघतो. "पाणी घरात कधी येईल?" असे विचारतो. पण घराआधी वाट बुडते. गाव सहसा उंचवट्यावर असते. गावातून बाहेर जाणारा रस्ता मात्र खाली ओढ्यावर उतरतो. तिथे फरशी असते, नाहीतर छोटी मोरी असते. मघाशी सांगितलेले ओढ्यातून उलटे चढणारे पाणी आठवा. ते आधी त्या फरशीवर येते. गाव कोरडे असते, चुली पेटलेल्या असतात, आणि बाहेर जायची वाट बंद झालेली असते. गावाचे बेट होते. मग पुढे पाणी घरात शिरते तेव्हा जायला वाट नसते. उरते ती फक्त नाव.

२०१९ साली तर पुणे–बंगळूर महामार्गसुद्धा कोल्हापूरजवळ शिरोलीला पाण्याखाली गेला. कित्येक दिवस वाहतूक बंद होती. जिथे एवढ्या मोठ्या रस्त्याची ही गत, तिथे आपल्या फरशीची काय कथा?

आणि नाव किती भरवशाची? पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. ८ ऑगस्ट २०१९ चा दिवस. गाव पाण्याने वेढलेले. माणसे बाहेर काढायला बोट आली. जो तो जीव वाचवायला धावला. बोटीत झेपत नव्हती एवढी माणसे चढली. बोट उलटली. दहांहून जास्त माणसे गेली. त्यांत बायका होत्या, लेकरे होती. कुणाला दोष देण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. ज्यांची माणसे गेली त्यांच्यापुढे आम्ही मान खाली घालतो. पण त्या दुःखातून एक गोष्ट शिकलीच पाहिजे. बोट हा शेवटचा उपाय आहे. वाट कोरडी असताना जो पायी निघाला, त्याला बोटीची गरज पडली नाही.

म्हणून प्रश्न बदला. "घरात पाणी कधी येईल?" असे विचारू नका. "वाट कधी बुडेल?" असे विचारा.

गावाचे तीन आकडे

हा प्रश्न आकड्यांनी सोडवता येतो. प्रत्येक गावाने तीन आकडे शोधून काढावे.

पहिला आकडा: आयर्विन पुलापाशी किती फूट झाले म्हणजे आपली वाट बुडते?

दुसरा आकडा: किती फूट झाले म्हणजे गावातल्या सर्वांत खालच्या घरात पाणी येते?

तिसरा आकडा: २०१९ साली आपल्या गावात पाणी कुठवर आले होते?

हे आकडे कुठून मिळणार? तुमच्यातच आहेत. २०१९ ला फरशी कोणत्या दिवशी, किती वाजता बुडाली, ते कुणाला तरी आठवत असेल. दूध घालायला जाणाऱ्याला आठवेल. एस.टी. कोणत्या दिवशी बंद झाली, ते आठवेल. त्या वेळी पुलापाशी किती फूट होते, ते जुन्या वर्तमानपत्रांत आणि पाटबंधारे खात्याच्या नोंदींत मिळेल. दोन्ही जोडा. तुमचा आकडा तयार झाला.

पुढच्या पावसाळ्यात तो पक्का करा. फरशीजवळच्या भक्कम खांबावर फुटांच्या खुणा रंगवा. दोन तरुण आणि एक वडीलधारा माणूस नेमा. एक वही घाला. वहीत चार रकाने आखा: तारीख, वेळ, पुलावर फूट, आपल्या खांबावर फूट. पाणी चढू लागले की दर दोन तासांनी लिहा. एका पावसाळ्यात कळेल की, पुलावर अमुक फूट म्हणजे आपल्या फरशीवर तमुक. जी माणसे नाव, किल्ला, नदी लिहायला शिकली, त्यांना हे काम अवघड नाही.

मग ते तीन आकडे चावडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. देवळापाशी लिहा. शाळेवर लिहा. लहान पोराला विचारले तरी सांगता आले पाहिजे, "आमची वाट ४७ ला बुडते."

वेळेची वजाबाकी

आता एक उदाहरण सोडवू. पाटी काढा.

समजा, आपली वाट पुलावरच्या ४७ फुटांना बुडते. आज सकाळी आठ वाजता पुलापाशी पाणी ४३ फूट आहे. किती फूट बाकी? चार. चार फूट म्हणजे ४८ इंच. पाणी तासाला तीन इंच चढते आहे. ४८ ला तीनने भागा. १६ तास. म्हणजे वाट रात्री बारा वाजता बुडेल.

तुम्ही म्हणाल, "मग पुष्कळ वेळ आहे." थांबा. रात्री म्हातारी माणसे आणि गुरे घेऊन ओढा ओलांडायचा का? नाही. सावित्री नदीची गोष्ट आठवा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीला पूर होता. तिच्यावरचा जुना दगडी पूल वाहून गेला. अंधारात काय झाले ते गाड्यांना कळले नाही. दोन एस.टी. गाड्या नदीत गेल्या. पुराच्या रात्री पूल असो की फरशी, भरवसा धरू नये. म्हणून आपली वेळ दिवे लागणीला संपते. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. दहा तास.

आता गाव हलवायला किती वेळ लागतो? गुरे, म्हातारी, बाळंतिणी, धान्य, सारे धरून समजा आठ तास. दहातून आठ गेले, उरले दोन. म्हणजे फक्त दोन तास विचार करायला आहेत. "दुपारपर्यंत वाट बघू," म्हटले तर चार तास गेले. उरले सहा. काम आठ तासांचे. दोन तासांचे काम अंधारात राहिले. कोण राहील मागे? पाय नसलेला राहील. ज्याची गाय व्यायला झाली आहे तो राहील.

शिवाय पाणी तासाला तीनच इंच चढेल असे कुठे आहे? वरून विसर्ग वाढला तर सहा इंच चढेल. मग १६ तासांचे आठच तास होतात. म्हणून हिशेब नेहमी तंग धरावा. लवकर निघालो आणि पूर आला नाही, तर एक दिवसाची हेलपाट होते. हसणारे हसतील. हसू द्या. उशिरा निघालो आणि पूर आला, तर ते नुकसान भरून येत नाही.

आधी कोण निघणार?

माणसे वेळेवर का निघत नाहीत? ती अडाणी असतात म्हणून नव्हे. तिला कारणे असतात. पहिले कारण गोठा. "म्हस सोडून कुठं जाऊ?" हे बोलणे खरे आहे. घरचा संसार तिच्या दुधावर चालतो. म्हणून गावाने आधी जनावरांची सोय करावी. उंचावर कुणाचे माळरान आहे, कुठले बाजारतळ आहे, चारा कुठून येईल, हे वैशाख-ज्येष्ठातच ठरवावे. जनावरे आधी हलली की माणूस आपोआप हलतो. आणि अगदीच वेळ नसेल तर निदान दावे सोडा. मोकळे जनावर पोहून कडेला लागेल. बांधलेले जनावर दावणीलाच मरते.

दुसरे कारण चोरीची भीती. त्याला उपाय गावाच्या राखणीचा. जाणती माणसे पाळीने उंचावरून राखण करतील असे ठरवा. तिसरे कारण बायाबापड्यांची अडचण. शाळेत नेऊन कोंबले, आणि संडास नाही, आडोसा नाही, तर बाई घरीच बरी म्हणते. तिचे चुकते का? सोय करणाऱ्यांत बायका घ्या. त्यांना विचारून सोय करा.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलतो. सर्वांत खाली, ओढ्याच्या काठाला कोण राहते? ज्याला वर जागा मिळाली नाही तो. गरीब, भूमिहीन, गावाने पूर्वी कडेला ठेवलेला. पाणी जात विचारत नाही. पण आधी त्याच्याच घरात शिरते, कारण गावाने त्याला तिथे बसवले. म्हणून दवंडी आधी त्या वस्तीत गेली पाहिजे. ट्रॅक्टरची पहिली खेप तिथून निघाली पाहिजे. पाटलाच्या वाड्यापासून सुरुवात करायची नाही.

नरसोबाच्या वाडीला काय करतात ते तुम्ही पाहिले आहे. पाणी चढून पादुकांवरून वाहू लागते. दक्षिणद्वाराचे स्नान करायला लोक गर्दी करतात. पाणी आणखी चढले की पुजारी देवाची उत्सवमूर्ती उचलून उंचावर नेतात. "देव आहे, त्याला पाणी काय करणार," असे कुणी म्हणत नाही. पिढ्यान् पिढ्या वहिवाट आहे, पाणी अमुक पायरीला आले की देव हलवायचा. देव वेळेवर हलतो, तर मग माणसाने कशाला अडून बसावे?

पाणी ओसरल्यावर

निघताना काय घ्यावे, ते थोडक्यात सांगतो. रेशनकार्ड, आधारकार्ड, सातबारा, बँकेचे पासबुक, चालू औषधे. हे सारे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून जूनमध्येच खुंटीला अडकवून ठेवावे. घराचा विजेचा मेन स्विच बंद करून निघावे. मदतीचे आकडे पाठ करा: ११२ वर पोलीस, १०८ वर रुग्णवाहिका, १०७७ वर जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष.

पाणी ओसरले की लगेच घरात धावू नका. भिजलेली मातीची भिंत पाण्यात उभी राहते आणि ऊन पडल्यावर कोसळते. आधी बाहेरून बघा. साप कोरडी जागा शोधत घरात आलेला असतो. काठी आपटत शिरा. वायरमनने तपासल्याशिवाय दिवा लावू नका. पाणी उकळून प्या. विहिरीत टी.सी.एल. पावडर टाकून घ्या. पायाला जखम असेल तर गाळात उतरू नका. ताप आला तर अंगावर काढू नका, दवाखाना गाठा.

मग पंचनाम्याला माणसे येतील. घरात पाणी किती चढले, ती रेघ भिंतीवरून पुसण्याआधी मोजून वहीत लिहा. मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पंचनाम्याचा कागद पुढे आला की आता अंगठा उठवायचा नाही. तुम्हाला वाचता येते. कागद सावकाश वाचा. किती फूट लिहिले, किती गुरे लिहिली, किती गुंठे लिहिले ते बघा. चुकले असेल तर सांगा. बरोबर असेल तरच सही करा. शिकलेल्या अक्षराची किंमत त्या दिवशी कळेल.

मंडळी, नदी आपली आई आहे, हे आम्ही नाकारत नाही. तिच्या गाळावर आपला ऊस उभा आहे. तिच्या पाण्यावर आपण जगतो. पण तिचेही एक घर आहे. तिचे पात्र, तिचा काठ, तिचे ओढे. आषाढ-श्रावणात ती आपले सारे घर वापरते. त्या वेळी आपण तिच्या ओसरीत झोपू नये, एवढेच.

आता वर्ग सुटण्याआधी एक काम करू. ज्याला ज्याला २०१९ चा आणि २०२१ चा पूर आठवतो, त्याने इथेच थांबावे. आपली फरशी कोणत्या दिवशी, किती वाजता बुडाली, ते सांगावे. फळा मोकळा आहे, खडू तयार आहे. गावाचा पहिला आकडा आजच लिहायला घेऊ.